मधल्या ठिपक्याखालून

मी चकती बोलतेय. बर्फाखालून बोलतेय, त्यामुळे आवाज जरा बसका लागेल, तेवढं सांभाळून घ्या. आइस हॉकीत जिच्यामागे धट्टीकट्टी माणसं काठ्या घेऊन धावतात, ती काळ्या रबराची चकती मी. खेळणारे मला पक म्हणतात. नाव काहीही घ्या, नशिबी मार खाणं ठरलेलं. आणि खरं सांगते, त्या माराची मला आता इतकी आठवण येते की कुणी येऊन एक सणसणीत फटका मारला, तर मी त्याचे उपकार मानीन.

सध्या माझा मुक्काम पाइन नॅरोज कॉलेजच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, अगदी मधोमध, निळ्या ठिपक्याखाली आहे. मी हरवलेली नाही, मला कुणी टाकूनही दिलेलं नाही. चांगलं चारचौघांच्या साक्षीने, मानाने पुरलंय. मानाच्या जागी बसवलेल्याला हलता येत नाही, हे मला बसल्यावर समजलं.

माझा जन्म सरहद्दीपलीकडे, कॅनडातल्या एका कारखान्यात झाला. रबर आणि काजळी एकत्र मळायची, साच्यात घालून दाबायची आणि भाजायची, की झाली चकती. तळहातावर मावणारी, दिसते त्यापेक्षा जड. माझ्या बहिणी शेकड्यांनी होत्या आणि सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. खोक्यात भरून आम्हाला दक्षिणेकडे धाडलं, आणि त्यातलं एक खोकं या गावात उतरलं.

सामन्याआधी आम्हाला बर्फाच्या बादलीत घालून ठेवत. उबदार रबर चेंडूसारखं उसळतं, गारठलेलं मात्र मुकाट सरळ घसरत जातं. डोकं थंड ठेवावं असा उपदेश माणसं एकमेकांना करतात आणि स्वतः बर्फावर उतरताच एकमेकांच्या अंगावर जातात. थंड डोक्याचं काम आमच्याकडे.

ज्या सामन्याने माझं आयुष्य फिरवलं, तो पोरांचा होता. पाइन नॅरोजचा संघ तेव्हा क्लबचा संघ होता. म्हणजे कॉलेजचं नाव अंगावर, पण खर्च स्वतःचा, गाडी स्वतःची, फाटलेला सदरा आईने शिवलेला. त्यांचा कोच लेनार्ट सोडरहोम. हा गृहस्थ दिवसा कॉलेजात जमीन मोजायला शिकवायचा आणि संध्याकाळी बर्फावर घसा बसेपर्यंत ओरडायचा. देशभरच्या क्लबसंघांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या पोरांनी जिंकला, आणि जिंकून देणारा गोल माझा होता. कोचने मला जाळीतून काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. खिशात शिट्टी होती, खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि एक अर्धा खाल्लेला पेपरमिंट होता. तिथला उबारा मला अजून आठवतो.

त्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीची पंगत होती. सगळं गाव जमलेलं. कोच खुर्चीवर उभा राहिला आणि मला वर धरून म्हणाला, “ही मी मधल्या ठिपक्याखाली पुरणार. आपलं कॉलेज वरच्या श्रेणीत पहिला सामना खेळेल, त्या दिवशी हिला काढायचं, आणि पंच पहिली चकती टाकेल ती हीच.”

“आणि तो दिवस कधी उजाडायचा?” मागून कुणीतरी विचारलं.

“पुढच्या वर्षी.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. हात असते तर मीही वाजवल्या असत्या.

वरची श्रेणी म्हणजे मोठ्या कॉलेजांची. तिथे खेळणाऱ्याची फी कॉलेज भरतं, सामने टीव्हीवर दिसतात. एवढा मोठा देश, पण त्या श्रेणीत कॉलेजं थोडकीच, आणि नवीन कुणी आत शिरायचं म्हटलं की दाराशी दहा जण आडवे.

तेव्हापासून प्रथाच पडली. शरद ऋतू आला, रिंकवर बर्फ धरायला लागलं, की कोच मला वाळूत खळगा करून ठेवायचा. आमच्या रिंकला तेव्हा खाली वाळू होती आणि वाळूत गारव्याचे पाइप. माझ्यावर पाण्याचे थर, मग पांढरा रंग, मग निळा ठिपका, मग पुन्हा पाणी. बर्फावर उतरणारा प्रत्येक जण ठिपक्यावर काठी दोनदा आपटून पुढे जायचा. मला खालून काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. कोणाच्या स्केटच्या पात्याची धार बोथट आहे, कोण उजव्या पायावर जोर देतं, हे मी न बघता सांगते.

वसंतात बर्फ वितळवलं की मला काढायचं. पण चकतीचा गारवा मोडला तर नवस मोडला, असं कोचने स्वतःच ठरवून टाकलेलं. म्हणून उन्हाळाभर मी त्याच्या घरच्या फ्रीजरमध्ये, हरणाचं मांस आणि तळ्यातल्या मासळीच्या शेजारी. त्याची बायको ओपल मोठी फटकळ. आल्यागेल्याला फ्रीजर उघडून दाखवायची आणि म्हणायची, “दुसऱ्या बायकांना सवत बाहेर शोधावी लागते. माझी बघा, मटारच्या पिशवीखाली झोपलीय.”

एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत घोंगडं भिजतच राहिलं.

आधी कॉलेज म्हणालं, मुलांना जितकी संधी तितकी मुलींना, असा कायदा आहे. मुलांचा संघ वर न्यायचा तर मुलींचाही न्यावा लागेल. गावातले काही म्हातारे कुरकुरले की पोरींपायी पोरं अडकली. मला तर खालून ओरडावंसं वाटलं. कायदा चांगलाच आहे, मी स्वतः बाईमाणूस आहे. कोचने कुरकुर न करता मुलींचा संघ उभा केला. मग कॉलेजच्या जुन्या श्रीमंत विद्यार्थ्यांनी सांगितलं, आम्ही देणगी देऊ ती मुलांच्याच संघासाठी. मग लीग, म्हणजे वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांची संघटना, म्हणाली, आमचे सगळे संघ तिकडे लांब. तुमच्याकडे खेळायला यायचं म्हणजे येता-जाता दोन दिवस बसमध्ये. आणि तुमची रिंक वाळूवरची, बाकडी तुटकी. रिंक आधी बांधा, मग घेऊ. कॉलेज म्हणालं, लीगने आधी घ्यावं, मग बांधू. आधी कोंबडी की आधी अंडं, यावर शहाणी माणसं वर्षानुवर्षं बैठका घेत राहिली आणि मी खाली गोठत राहिले.

कॉलेजच्या खेळखात्याचा डायरेक्टर होता डेल्बर्ट क्विन. माणूस गोड. त्याच्या तोंडून कधी ‘नाही’ निघालं नाही, आणि ‘हो’ तर त्याहून नाही. कोच त्याच्या खोलीतून बाहेर पडायचा तो दर वेळी आनंदातच. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण भुकेल्याला वासही पुरतो.

अशाच एका उन्हाळ्यात कोचच्या स्वयंपाकघरात वेंडला कोस्की आली. गावातलीच मुलगी, बाप रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवणारा. वेंडला मधल्या जागी खेळायची, आणि गावाने तिच्यासारखी खेळाडू पाहिली नव्हती. दूर पूर्वेच्या एका मोठ्या कॉलेजने तिला वरच्या श्रेणीत जागा देऊ केली होती. मी फ्रीजरमधून ऐकत होते.

“कोच, कॉलेजात खेळायला मिळतात ती चारच वर्षं,” ती म्हणाली. “मला एकदा तरी वर खेळायचंय. पण आपल्या गावाकडून खेळायला मिळालं तर मी कुठेच जाणार नाही. होईल का?”

“होईल म्हणजे? पुढच्या वर्षीच. क्विनसाहेब स्वतः बोललेत.”

“लेनार्ट,” ओपलचा आवाज आला, “ती तुला आशा विचारत नाहीये. खरं काय ते विचारतेय.”

“खरंच सांगतोय मी.”

आणि त्याला ते खरंच वाटत होतं. खोटं बोलणाऱ्याची चोरी कधीतरी पकडता येते. मनापासून चुकणाऱ्याचं काय करायचं?

ओपलने फ्रीजर उघडून मला वेंडलाच्या हातात दिलं. तिचा तळवा गरम होता. तिने मला उलटंसुलटं केलं, बोटाने कड चाचपली आणि परत ठेवलं. “बरं,” ती म्हणाली, “मी राहते.”

झालं, माझ्यासारखंच आणखी एक माणूस पुरलं गेलं.

सामना सुरू होताना पंच मधल्या ठिपक्यावर चकती टाकतो आणि दोन्ही संघांचे मधले खेळाडू तिच्यावर झडप घालतात. म्हणजे वेंडला नेमकी माझ्या डोक्यावर उभी असायची. तिचा डावा स्केट उजव्यापेक्षा जोरात रुतायचा. तिचा श्वास मला ऐकू यायचा. मग माझीच एखादी बहीण टप्पकन माझ्या डोक्यावर पडायची आणि खणखणत निघून जायची. मला हेवा वाटायचा, लपवत नाही. पहिल्या वर्षी वेंडला काठी आपटायची ती लाडाने. दुसऱ्या वर्षी ती आपटणं नुसती सवय झाली. तिसऱ्या वर्षी तिने एकदाच आपटली, आणि जरा जास्तच जोरात.

पण तिसऱ्या वर्षी खरोखर काहीतरी हललं. लीगची माणसं रिंक बघायला येणार असं ठरलं आणि कॉलेजने घाईघाईने काम काढलं. वाळू गेली, काँक्रीट आलं, वर लखलखीत दिवे लागले. सगळं झकास; फक्त माझा खळगा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

“या वर्षी राहू दे तिला माझ्याकडे,” ओपल म्हणाली. “मला आता तिची सवय झालीय.”

“आजवर कधी चुकवलं नाही, आणि पाहुणे यायचे त्याच वर्षी चुकवू?” कोच म्हणाला.

“काँक्रीटवर ठेवशील तर ती वर येईल रे, लेनार्ट. बर्फ ते केवढंसं.”

“थर वाढवू थोडा.”

जमीन मोजायला शिकवणारा माणूस, पण नवसापुढे सगळं मोजमाप बाजूला. त्याने मला काँक्रीटवरच ठेवलं. माझ्यावर बर्फाची जेमतेम साय धरली. आता रबराचा गुण असा, की खालचा गारवा माझ्यातून वर जात नाही. आजूबाजूचं बर्फ दगडासारखं, माझ्यावरचं मात्र लोण्यासारखं. मला ते जाणवत होतं. सांगणार कुणाला?

शनिवारी दुपारी सामना होता. लीगकडून एक बाई आणि दोन पुरुष आले होते. रिंक भरलेली, भोंगे वाजत होते. वेंडला ठिपक्यावर आली, वाकली, पंचाने चकती टाकली. तिने जोर लावला तो डाव्या पायावर, आणि स्केटचं पातं मऊ बर्फातून खचकन माझ्या पाठीत रुतलं. ती आडवी झाली, समोरची मुलगी तिच्यावर कोसळली. नशीब, हाड कुणाचं मोडलं नाही. पण बर्फाचा पापुद्रा निघाला आणि एवढ्या वर्षांनी मी भर सामन्यात काळं तोंड वर काढून उजेड बघितला. काय ती वेळ.

लीगची बाई बूट सांभाळत मधोमध आली आणि वाकून म्हणाली, “हे काय आहे?”

“ती... आमची प्रथा आहे,” कोच म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला.

बाई हसली. वाईट हसली नाही, तेच जास्त लागलं. माझ्यावर ओलं बर्फ थापलं, सामना कसाबसा पुरा केला.

गर्दी पांगल्यावर ती बाई आणि क्विनसाहेब बर्फ ओलांडून दाराकडे निघाले. माझ्याजवळ येऊन थांबले.

“डेल्बर्ट, बर्फाचं निमित्त झालं ते एका अर्थी बरंच,” बाई म्हणाली. “जागा तशीही नव्हतीच. इतक्या लांबचा संघ आमच्यातल्या कुणालाच नको होता.”

“मला कल्पना होती,” क्विन म्हणाला.

“मग लेनार्टला सांगितलं का नाहीस?”

“त्याचं मन मोडलं असतं. पुढच्या वर्षी बघू म्हणेन.”

हे ऐकणारी जगात मी एकटी, आणि मला तोंड नाही. यासारखा कोंडमारा नाही, लोकहो. बर्फाने मला कधी गुदमरवलं नव्हतं, त्या दोन वाक्यांनी गुदमरवलं.

सोमवारी सराव संपल्यावर वेंडला आणि कोच दोघेच बर्फावर राहिले.

“चूक माझी झाली,” कोच म्हणाला. “माझ्या हट्टापायी झालं. पण क्विनसाहेब म्हणालेत, पुढच्या—”

“पुरे, कोच.” ती चिडली नव्हती, दमली होती. “पूर्वेकडच्या त्या कॉलेजने पुन्हा विचारलंय. माझं एकच वर्ष उरलंय. मी जाऊ की राहू?”

 तो तडक निघून गेला. मला वाटलं, पळाला. पण थोड्या वेळाने परत आला तो वाफाळत्या पाण्याची बादली आणि छिन्नी घेऊन.

“काय करताय?”

“काढतो हिला आणि देतो तळ्यात फेकून. अवलक्षणी आहे. हिच्या नादाने मी तुझी तीन वर्षं खाल्ली.”

गरम पाणी माझ्या पाठीवर पडलं. आहाहा. रंग विरघळला, कड सुटी झाली, एका बाजूने मी चक्क डुगडुगले. अवलक्षणी तर अवलक्षणी, तळ्यात तर तळ्यात, पण हलले तर खरी. अजून एक तांब्या पाणी, एवढंच बाकी होतं.

“थांबा,” वेंडला म्हणाली.

“का?”

“तिला काढून तुम्ही मोकळे व्हाल, कोच. माझी वर्षं परत नाही येणार.” ती माझ्याशेजारी बर्फावर बसली. “शनिवारी सकाळी ज्या छोट्या पोरी शिकायला येतात ना, त्या आत येताना इथे काठी आपटतात. मला बघून शिकल्या. ठिपक्यात भोक दिसलं तर त्यांना काय सांगाल?”

“तूच सांग, काय सांगू?”

“माहीत नाही म्हणून सांगा. होईल की नाही, मला माहीत नाही. थांबायचं की जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मला ठरवू दिलं नाहीत तुम्ही.”

 कोचने नाक ओढलं. मग म्हणाला, “जा, पोरी. आजच कळव त्यांना.”

“ही राहू दे मग.”

“राहू दे.”

त्याने माझ्यावर उरलेलं, एव्हाना कोमट झालेलं पाणी हळूच ओतलं आणि ते गोठेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. मला राग आला. अजून येतो. वेंडला सुटली याचं मनापासून बरं वाटलं, पण माझ्या सुटकेचा निकाल माझ्या देखत लागला आणि मला कुणी विचारलं नाही.

पुढच्या शरदात कोचने काँक्रीटमध्ये, पाइप चुकवून, माझ्यासाठी चांगला खोल खळगा करून घेतला. आता माझ्यावर पुरेसं बर्फ आहे. कुणाचा पाय रुतणार नाही. माझा आवाज बसका लागतो तो यामुळेच.

वेंडला वर खेळली. तिच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी कोच रिंकवर एकटाच आला, खुर्ची टाकून माझ्या डोक्यावर बसला आणि फोनवर सामन्याचं वर्णन लावलं. दूरच्या त्या रिंकवर पंचाने चकती टाकली, ती वेंडलाने जिंकली, असं तो सांगणारा म्हणाला. कोचने एकदाच बूट आपटला. नंतर सामना संपेपर्यंत त्याचं पाऊल हललं नाही.

हल्ली नवीन मुली विचारायला येतात, कोच, आपण वर जाणार का? तो म्हणतो, माहीत नाही. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा त्याची जीभ अडखळली होती, आता सवय झालीय. ते ऐकून काही जणी दारातूनच परत जातात. काही जणी आत येतात. संघ पूर्वीपेक्षा लहान झालाय. क्विनसाहेब अधूनमधून कोट झटकत मधोमध उभे राहतात आणि पाहुण्यांना म्हणतात, “आमची तयारी सुरूच आहे.”

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या हाती कुणाला आत घेणं किंवा बाहेर ठेवणं असेल, तर माझं एवढं ऐका. आत घ्यायचं असेल तर घ्या. नसेल तर तोंडावर नाही म्हणा. रडतील, डोळे पुसतील, आणि आपल्या वाटेने जातील. पण कोमट पाणी ओतू नका. मी गोठणंही सोसलंय आणि अर्धवट वितळणंही, म्हणून सांगते. अर्धवट वितळवलेलं बर्फ पुन्हा गोठतं ते पहिल्यापेक्षा घट्ट.